हिरव्या पेनाची खूण

ठाण्याच्या सर्जनने माझ्याच रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या पित्ताशयाचं चित्र काढून दाखवलं. चित्र बरं होतं. तेहतीस वर्षं शाळेत शिकवलेलं असल्यामुळे मी मनात त्याला दहापैकी आठ गुण देऊनही टाकले. पित्ताशयात त्याने तीन खडे काढले आणि एकावर पेनाचं टोक टेकवून म्हणाला, "आजी, हा पुढच्या वेळी नळीत अडकला तर कावीळ होईल आणि मग सगळी धावपळ. त्यापेक्षा गुरुवारी सकाळी काढून टाकू. शुक्रवारी घरी. काही शंका?"

"शंका काही नाही," मी म्हटलं. "आमच्या डॉक्टरांना दाखवते आणि कळवते."

"कुठल्या हॉस्पिटलला असतात ते? सर्जन आहेत?"

"नाही. ते आमचे डॉक्टर आहेत."

माझा मुलगा राकेश छतावरचा पंखा बघू लागला. पंखा बंद होता.

बाहेर आल्यावर लिफ्टमध्येच तो सुरू झाला. "आई, त्या माणसाच्या नावापुढे दोन ओळी डिग्र्या आहेत! आणि तू त्याला सांगतेस, दाखवून येते?"

"असतील डिग्र्या. त्याने माझ्या पोटाला हात तरी लावला का?"

"सोनोग्राफी केली ना त्यांनी."

"ती मशीनने केली."

"अगं, टिपणीस डॉक्टरांनी दवाखाना बंद करून दोन वर्षं झाली. आता काय संबंध त्यांचा?"

"मग आता त्यांना वेळही असेल," मी म्हटलं.

राकेशने गुरुवार-शुक्रवारची रजा टाकलेली होती. सून रचनाने माझी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. तिने मात्र एकच विचारलं, "आई, डॉक्टर भेटलेच नाहीत तर?" पंधरा दिवसांपूर्वी भर दुपारी दोन साबुदाणे वडे खाल्ल्यावर जे दुखलं होतं, त्याची मला चांगलीच धास्ती बसली होती. पण टिपणीस डॉक्टरांची खूण झाल्याशिवाय पोट उघडू द्यायचं, हे काही मनाला पटत नव्हतं. आणि वार होता सोमवार.

ही खूण म्हणजे काय, ते आमच्या मोहने गावाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल.

माझे यजमान जगन मोहन्याला रेयॉनच्या कंपनीत होते आणि आम्ही माझ्या मैत्रिणीच्या, शकूच्या, सासऱ्यांच्या चाळीत भाड्याने राहायचो. कंपनीच्या रस्त्यावर टिपणीस डॉक्टरांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. बाहेर बाकडं, आत टेबल, मध्ये निळा पडदा. आमच्या खोलीत येऊन, आमच्याच पेल्यातून पाणी मागून पिणारे ते पहिले डॉक्टर. आज हे सहज लिहिते आहे, तेव्हा ते सहज नव्हतं. ते पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवून म्हणाले, "गार आहे, माठ कुठून आणलात?" एवढंच. जगन पुढे कितीतरी वर्षं तो माठ कुणाला बदलू देत नव्हते.

डॉक्टरांची पद्धत न्यारी होती. पोट तपासताना ते "दुखतंय का" असं विचारत नसत. हात पोटावर, नजर आपल्या तोंडावर आणि प्रश्न भलताच. इंजेक्शनचंही तसंच. मला पहिलं इंजेक्शन दिलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "बाई, वर्गात पट किती आहे तुमच्या?" मी "बे..." म्हणाले आणि तेवढ्यात "झालं!" म्हणून त्यांनी कापूस दाबला. मोहन्यात कुणीही डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर पुरं केल्याचं मला आठवत नाही. शकूच्या नवऱ्याला, काळुरामला, ते दर वेळी भाताची कापणी कुठवर आली ते विचारत. ती कापणी कधी संपलीच नाही. पुढे त्या शेतात इमारती उभ्या राहिल्या.

आणि हिरवं पेन. औषध कंपनीच्या माणसाने कधीतरी त्यांना हिरव्या पेनांचा खोका दिला होता. मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलेला माणूस आपली फाइल आधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा. डॉक्टर सगळं वाचायचे आणि पटलेल्या औषधापुढे बारीकशी हिरवी टिक करायचे. टिक झाली की औषध पोटात. तोवर नाही. जगनचं रक्तदाबाचं औषध एकदा नऊ दिवस तसंच फडताळात पडून होतं, कारण डॉक्टर भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेले होते. परत आल्यावर ते जगनवर असे ओरडले की बाकड्यावरचे दोन पेशंट उठून घरी गेले. पण ओरडून झाल्यावर टिक केलीच. जगन म्हणाले, "बघ, नऊ दिवस थांबलो ते बरं झालं."

हळूहळू औषधांवरून प्रकरण पुढे गेलं. काळुरामने स्कूटर घ्यायच्या आधी दोन स्कूटरींची चित्रं आणून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी त्याच्या पाठीचा विचार करून बुटकी स्कूटर टिक केली. शकूने तर मुलीसाठी आलेल्या तीन स्थळांचे फोटो आणले. डॉक्टर म्हणाले, "शकूताई, यातलं मला काय कळतं?" शकू म्हणाली, "मंग मना कलतं का? कोनचा दारू पितो त्ये डोल्यांवरनं सांगा." डॉक्टरांनी चष्मा पुसला, तिन्ही फोटो उजेडात नेऊन बघितले आणि एकापुढे टिक केली. तो जावई आजही चहासुद्धा बिनसाखरेचा पितो.

तर अशी ती खूण. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि ते ठाण्याला घोडबंदर रोडवर मुलाच्या घरी राहायला गेले. मुलगा जहाजावर असतो, घरी सून समृद्धी. डॉक्टरांचा जुना फोन बंद झाला आणि नव्या फोनवर समृद्धी सांगते, बाबा पेशंट बघत नाहीत. मी सोमवारी संध्याकाळी केला, तेव्हा मलाही तेच सांगितलं. अगदी गोड आवाजात.

मी शकूला फोन केला. आता तिच्या चाळीच्या जागेवर सोळा मजल्यांची इमारत आहे, तिच्याकडे गाडी आहे, ड्रायव्हर आहे. पण अडचण आली की ती अजून पदर खोचते.

"फोन कशाला करतं?" ती म्हणाली. "सरल जायाचं. गेटावर इच्यारतात, कोन तुमी. नातेवाईक सांगायचं. आमच्या मोहन्याची अर्धी मानसं तशीच जातान."

"खोटं बोलायचं?"

"तुजं पोट कापाचं का माजं?"

मंगळवारी दुपारी चार वाजता आम्ही दोघी त्या इमारतीच्या गेटवर उभ्या होतो. मी फाइल साडीच्या घडीत गुंडाळून पिशवीत ठेवली होती, वर डझनभर केळी. गेटवर चांगदेव नावाचा वॉचमन, छातीवर नावाची पट्टीच होती. हातात मोबाइल.

"कोणाकडे?"

"टिपणीस. सतरावा मजला."

"नातं काय टाकू?"

"मावशी," शकू म्हणाली.

चांगदेवने मोबाइल खाली केला. "आजी, या महिन्यात टिपणीस साहेबांच्या नऊ मावश्या येऊन गेल्या. सहा आत्या. एक आत्या तर साहेबांपेक्षा वीस वर्षांनी लहान होती."

शकूने माझ्याकडे बघितलं. तेहतीस वर्षं मी मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "मी त्यांची मेहुणी. डॉक्टरांच्या मिसेसची बहीण."

चांगदेवने तसं टाकलं. पाच मिनिटं झाली तरी वरून काही उत्तर आलं नाही. मग लिफ्टचं दार उघडलं आणि तिशी-पस्तिशीची एक मुलगी कानातलं फोनचं यंत्र काढत थेट आमच्यासमोर आली.

"मेहुणी कोण?"

मी हात वर केला. वर्गात उशिरा आलेली मुलं करतात तसा.

"आमच्या सासूबाई एकुलत्या एक होत्या," समृद्धी म्हणाली.

शकू म्हणाली, "चुलत."

"शकू, गप्प बस," मी म्हटलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. मोहने, खडे, गुरुवार. पिशवीतून साडी काढली, साडीतून फाइल काढली. केळी खाली पडली, ती चांगदेवने गोळा केली. "मला दहा मिनिटं हवीत," मी म्हटलं. "ते हो म्हणाले तर मी गुरुवारी जाते. नाही म्हणाले तर नाही जात. पण त्यांना विचारल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही."

समृद्धी कट्ट्यावर बसली. मला वाटलं होतं, आता चिडेल. पण ती दमलेली दिसत होती. "काकू, मी पेशंटना का अडवते, माहीत आहे? बाबांना हर्निया आहे. आठ महिने झाले. तीनदा तारीख घेतली, तीनदा रद्द केली. प्रत्येक वेळी कुणीतरी मोहन्याहून फाइल घेऊन येतं आणि बाबा म्हणतात, यांचं निस्तरू दे, मग माझं बघू. सर्जन म्हणतात, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. म्हणून म्हटलं, फाइली बंद झाल्या की बाबांना सबब उरणार नाही."

"मग उरली का?" शकूने विचारलं.

"पावसाळा," समृद्धी म्हणाली. "आता म्हणतात, पावसाळा संपू दे."

मी केळी पिशवीत पुन्हा पुन्हा नीट लावू लागले. कारण राकेशला मीसुद्धा आधी हेच सांगितलं होतं, पावसाळा संपू दे.

समृद्धी उठली. "मी तुम्हाला वर नेते. पण त्यांनी तुमची फाइल बघितली की तुम्ही त्यांना तयार करायचं. माझं ते ऐकत नाहीत. नवऱ्याचं तर नाहीच, तो तिथून जहाजावरून सांगणार."

"आमचं कशाला ऐकतील?" मी म्हटलं. "आजवर आम्हीच त्यांचं ऐकलंय."

"बघा," ती म्हणाली. आम्ही लिफ्टकडे निघालो, तेव्हा चांगदेव मागून हळूच म्हणाला, "आजी, माझा छातीचा फोटो आहे खोलीत, साहेबांना विचारता का कधी दाखवू?"

डॉक्टर गॅलरीत खुर्चीवर बसले होते. ऐंशीला आले होते, पण आम्हाला बघताच झटकन उठले. उठताना उजवा हात मात्र पायजम्याच्या खिशात गेला आणि तिथेच दाबून राहिला.

"अहो बाई! शकूताई! बसा, बसा. काय झालं?"

"कसे आहात" नाही. काय झालं. मला एकदम मोहन्याच्या त्या बाकड्यावर बसल्यासारखं वाटलं.

त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली. चित्रही बघितलं. "पोरगा नीट आहे. अक्षर वाचता येतंय, म्हणजे घाईत नसतो," म्हणाले. मग मला दिवाणावर झोपवलं, बरगडीखाली हात ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "राकेश अजून नखं खातो का हो?"

"लग्नानंतर..." मी म्हणाले आणि ओय केलं.

"उठा," डॉक्टर म्हणाले. "करायचंच. यात दुसरा विचार नाही. उगाच वेळ घालवू नका." त्यांनी टेबलाच्या खणातून हिरवं पेन काढलं आणि टोपण उघडलं.

मी फाइलवर पालथा हात ठेवला.

"काय हो?"

"आधी तुमची आणा," मी म्हटलं.

डॉक्टरांनी समृद्धीकडे बघितलं. समृद्धी पडद्याच्या कडा सारख्या करत होती. "माझं काय," ते म्हणाले, "माझं तसं काही विशेष नाही. दुखत नाही फारसं. शिवाय आत्ता पावसाळा..."

"जखम चिघळते," मी म्हटलं.

"आणि मुलगा दिवाळीत येणार, तेव्हा..."

"घरात माणूस हवं."

"बरोबर."

"डॉक्टर, मोहन्यात हे तुम्हाला कोण कोण सांगायचं? आणि तुम्ही काय करायचात?"

शकू बोलली. "वरडायचे. मना तं सगल्यांसमोर बोल्ले व्हते, शकूताई, मरायचं असेल तर माझ्या दवाखान्यात नको, घरी जाऊन मरा."

"तेव्हा तुमचं अपेंडिक्स फुटायला आलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"मंग तुमचं आता काय फुटाया आलंय?"

डॉक्टर खुर्चीत बसले. बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मला सुईची भीती वाटते."

मी आणि शकू एकमेकींकडे बघतच राहिलो.

"लहानपणापासून वाटते. कॉलेजातही वाटायची. दुसऱ्याला देताना नाही, स्वतःला घेताना. करोनाची लस घेताना समृद्धीचा हात असा धरला होता की तिच्या बांगडीचा वळ उठला. ऑपरेशनचं काही नाही हो, त्यात झोपेतच असतो माणूस. पण त्याआधी हातात सुई खुपसतात ना, ती."

शकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "डागतर! आख्ख्या मोहन्याची बूड चाळन करून ठेवली तुमी! माज्या सासऱ्याला रोज एक, म्हैनाभर! आनि तुमाला भीती वाटते?"

समृद्धीला हसू आवरेना. डॉक्टरही हसले, पण पाठोपाठ कळवळले, कारण हसलं की तिथे दुखत होतं. हात परत खिशात गेला.

"आणि दुसरं म्हणजे," ते म्हणाले, "तुम्ही कुणीही माझ्याकडे फाइल घेऊन येता. मी कुणाकडे नेऊ? माझे सर गेले, त्याला तीस वर्षं झाली. सर्जन म्हणतो करा, सून म्हणते करा. ते सगळं कळतं मला. पण असं कुणीतरी आपलं माणूस वाचून म्हणालं पाहिजे ना, की हो, करायचं."

हे ऐकून मला हसावं की काय करावं, ते कळेना. आठ महिने हा माणूस माझ्यासारखाच अडून बसला होता, फक्त याला जायला घोडबंदर रोड नव्हता.

"समृद्धी, फाइल आण," मी म्हटलं.

मी चष्मा लावून डॉक्टरांची फाइल पहिल्या पानापासून वाचली. त्यातलं मला फारसं कळलं नाही. पण शब्दन्‌ शब्द वाचला, त्यांच्यासमोर, सावकाश. वयाचा आकडा एके ठिकाणी चुकीचा होता, तो दाखवला. मग त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी मला सापडली नाही, पण मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चेहरा पेपर तपासायला दिलेल्या मुलासारखा झाला होता.

"करायचंच," मी म्हटलं. "यात दुसरा विचार नाही. उगाच वेळ घालवू नका. आणि माझ्याच सर्जनकडे या, गुरुवारी. त्याचं अक्षर वाचता येतं ना? आधी मी, मागून तुम्ही. तपासण्या तुमच्या तीनदा करून झाल्यातच."

त्यांनी माझ्या हातात हिरवं पेन दिलं. मी त्यांच्या फाइलवर टिक केली. जरा मोठी झाली, शाळेची सवय. त्यांनी माझ्या फाइलवर केली, नेहमीसारखी बारीक. मग शकूने आपल्या ब्लाउजमधून घडी केलेला एक कागद काढला. "आता पेन उघडंच हाय तं, नातवाच्या फ्लॅटचा नकाशा बगा, सैपाकघर कुठं हवं?"

समृद्धीने तिथल्या तिथे हॉस्पिटलला फोन लावला. तिचा आवाज तसाच गोड होता, पण आता मला तो आवडला.

गुरुवारी सकाळी ऑपरेशनच्या आधी झोपवतात त्या खोलीत आम्ही दोघं होतो, मध्ये पडदा. सर्जन फाइल घेऊन आला आणि म्हणाला, "आजी, हे हिरवं काय आहे? पलीकडच्या आजोबांच्या फाइलवरही आहे."

"ते झालंय, आता तुम्ही करू शकता," मी म्हटलं. त्याने राकेशकडे बघितलं. राकेश या वेळी छताकडे बघत नव्हता. "सर, प्रोसिजर आहे आमच्याकडची," तो म्हणाला.

माझ्या हातात सुई लागून झाली. मग सिस्टर पडद्यापलीकडे गेली. "आजोबा, मूठ आवळा. आजोबा, हात ओढू नका ना. अहो, तुम्ही डॉक्टर आहात म्हणे!" पलीकडून पलंग कुरकुरल्याचा आवाज आला. "सिस्टर, जरा थांबता का," डॉक्टर म्हणाले. "जरा पाच मिनिटं. मला वाटतं, आज माझं प्रेशर..."

मी पडद्याकडे तोंड केलं. "डॉक्टर, मुलाचं जहाज आता कुठल्या बंदरात आहे हो?"

"तो ना? सिंगापूर सोडून परवा कोलं..."

"झालं," सिस्टर म्हणाली.

मग डॉक्टर म्हणाले, "बाई, माझं उत्तर राहिलं."

"माझंही राहिलंय," मी म्हटलं. "बेचाळीस."

"काय बेचाळीस?"

"वर्गात पट. तुम्ही विचारलं होतंत."

ते काहीतरी म्हणाले, पण तेवढ्यात वॉर्डबॉयने माझा पलंग ढकलायला सुरुवात केली होती.